विरळ संकट आणि वैद्याचें मौन

शस्त्रवैद्यानें क्वचितच उद्भवणारा धोका रोग्यास सांगावा कीं नाहीं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, काढतांना त्याचा बुंधा कधीं लांब राहून जातो, आणि कित्येक वर्षांनींही त्यालाच दाह होऊं शकतो. असें फार थोड्यांच्या बाबतींत घडतें. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं एका खटल्यांत म्हटलें कीं, दूरचे धोके सांगण्याची गरज नाहीं. भयानें रोगी आवश्यक उपचारही नाकारील. उलट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं धोक्याचें महत्त्व रोग्याच्या दृष्टीनें तोलावयास सांगितलें.

आमच्या मतें येथें एक भेद केला पाहिजे. कांहीं संकटें आधीं ठाऊक असूनही रोग्यास त्यांवर कांहींच करतां येत नाहीं. बुंध्याच्या दाहाचें तसें नाहीं. पोटांत कळ उठली असतां "माझें अपेंडिक्स काढलेलें आहे" असें रोगी नव्या डॉक्टरास निःशंकपणें सांगतो; त्या वाक्यानेंच निदान लांबतें, आणि तोंवर बुंधा फुटूं शकतो. रोग्याचें अज्ञान त्याच्याच मुखानें वैद्याची दिशाभूल करितें.

तेव्हां सांगण्याचें माप धोक्याच्या विरळतेपेक्षां माहितीच्या उपयोगावरून ठरावें. शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्यास घाबरवूं नये, हें मान्य. पण तो बरा होऊन घरीं निघाला असतां दोन शब्द सांगण्यास कोणती हरकत आहे? त्या वेळीं नकार देण्याजोगें कांहीं उरलेलें नसतें, आणि मौनाला दयेचें निमित्तही उरत नाहीं.