एकट्याची होडी

निडीच्या एका बाजूस नागोठण्याची अंबा, दुसऱ्या बाजूस रोह्याची कुंडलिका. दोहोंच्या खाड्यांत जिताडा मिळतो. होडीत एकट्याच असलेल्या माणसाच्या गळाला मोठा जिताडा लागला, तर नुसता जोर कामाचा नाही. बसूनच दोरीला ढील द्यावी, मासा दमू द्यावा आणि डोक्याकडून हातजाळ्यात घ्यावा.

कसब येथे संपते, प्रश्न येथे सुरू होतो. जिताडा आधी नर असतो, वाढत्या वयात मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा बहुधा लाखो अंडी घालणारी आईच. सोडली तर शाबासकी नाही, नेली तर दोष देणारा कोणी नाही. पोटासाठी नेणाऱ्यास आम्ही नावे ठेवीत नाही. मिरवण्यासाठी नेणाऱ्याने मात्र, पाहणारे कोणी नाही म्हणूनच, क्षणभर थांबावे.