जबडा बंद कर त्या वाघाचा

उभा राहा. हे चित्र प्रदर्शनात जाणार नाही. रंग नीट लावलेस, पट्ट्यांवर मेहनत घेतलीस, ते दिसतंय मला. पण वाघ तू पाहिलेलाच नाहीस. नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात गेलास, भुसा भरलेल्या वाघासमोर मोबाईल धरलास, इथं राजारामपुरीत येऊन मागे झाडी रंगवलीस आणि खाली लिहिलंस, ‘जंगलाचा राजा’!

त्याचा जबडा उघडा का आहे, हे एकदा तरी मनात आलं का? मेलेला वाघ डरकाळी फोडत नाही रे. कातडं साच्यावर चढवतात, काचेचे डोळे बसवतात, आणि जबडा किती उघडायचा ते कारागीर ठरवतो. शिकाऱ्याला शूर दिसायचं असतं, म्हणून वाघाला क्रूर दिसावं लागतं. तू कागदावर उतरवलीस ती शिकाऱ्याची बढाई.

आणि हे कोल्हापुरात राहून! चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवायची, गाडीतून माळावर न्यायचं आणि काळविटांवर सोडायचं, हा खेळ याच संस्थानात चालायचा. कोंडलेल्या चित्त्याला पिल्लं जवळजवळ होतच नाहीत. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरावा लागे. आपल्याकडचे संपत आले तेव्हा दरबारानं आफ्रिकेतून मागवले. 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्या शिकारींचे फोटो आपण अजून ‘वैभव’ म्हणून मिरवतो. त्या टोपीखालचा प्राणी निदान चित्रकाराला तरी दिसायला नको?

तुझा हात चांगला आहे, म्हणूनच तुझ्या आळसाचा संताप येतो. आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले, तेच तळं पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय तर आपल्या राजारामपुरीतच आहे. त्यांची निसर्गचित्रं तिथं आहेत. आत पाऊल टाकलंस कधी?

उद्यापासून मांजर काढायचं. झोपलेलं, दबा धरलेलं, चालताना खांद्याचं हाड वर येतं तसं. फोटोवरून एकही रेघ नको. वही भरली की दाजीपूरला नेतो तुला. 1958 पासून गव्यांसाठी राखलेलं रान आहे ते. गवा दिसेलच असं नाही. नाही दिसला, तर रिकामा सडा काढायचा. गवा मनानं घुसडायचा नाही.