यंत्राच्या शब्दाला प्रमाण कशाचे?

ज्ञान खरे कशावरून मानायचे, यावर आपल्या दर्शनकारांनी पिढ्यानपिढ्या वाद घातला. चार्वाक प्रत्यक्षावर थांबले. नैयायिकांनी शब्दही प्रमाण मानला, पण अट घालून: सांगणारा आप्त हवा, म्हणजे त्याला विषयाची जाण हवी आणि खरे सांगण्याची इच्छाही. संगणकापाशी यांतले काहीच नसते, तरी त्याचे उत्तर आप्तवाक्यासारखे निमूट घेतले जाते. माध्यमिक शाळांतल्या संगणकशास्त्राची किमान पातळी राज्याला ठरवायची असेल, तर तिचा गाभा हाच असावा: यंत्राचे उत्तर कोणत्या अटीवर खरे, हे दहावीच्या मुलाला सांगता यावे. बटणे कुठली दाबायची ते एमएस-सीआयटी शिकवतेच, आणि नोकरीच्या अर्जापुरते ते पुरतेही.

मराठवाड्यातल्या पाथरीच्या मुलांना हा प्रश्न परका नाही. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा केली आणि त्याच्या निषेधार्थ १९ जानेवारीला शिर्डीत बंद पाळला गेला. श्रद्धेचा निवाडा शाळेने करू नये. मात्र बाबांचा जन्म कुठला, असे मोबाइलला विचारल्यावर एका ओळीत येणारे उत्तर कुणाच्या लिखाणावर उभे आहे आणि कितीजणांनी ते एकमेकांचे पाहून उतरवले आहे, हे तपासायला शिकवणे शाळेचेच काम.

राज्याने ठरवायचे म्हणजे सगळे एका साच्यात, हा आक्षेप मराठवाड्यात तरी हसण्यावारी नेता येत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक शास्त्रे उर्दूत आणली, हा मोठाच प्रयोग, पण मराठी मुलाला वर चढायचे तर राज्यकर्त्यांच्या भाषेतूनच. म्हणून राज्याने पद्धत, पुस्तक, सॉफ्टवेअर यांत हात घालू नये. मराठी आणि उर्दू दोन्ही शाळांतल्या मुलाला काय कळलेच पाहिजे, तेवढेच बांधून द्यावे. काहीच न ठरवणे हाही निर्णयच असतो, आणि त्याचा फायदा फी भरू शकणाऱ्यांना होतो.

शाळेत संगणकच चालू नसतील तर? हजार नावांची अकारविल्हे यादी घ्या. मधले नाव पाहा, हवे ते आधी की नंतर ते ठरवा, निम्मी यादी सोडून द्या. फार तर दहा खेपांत निकाल लागतो, तोही वही-पेन्सिलीवर. आता तीच यादी विस्कटून द्या. रीत तीच, पायऱ्या तितक्याच. पण यादीत असलेले नावही ‘नाही’ ठरू शकते, आणि ते ‘नाही’ आधीइतकेच ठाम असते. हीच रीत यंत्राने चालवली तरी चूक यंत्राची नव्हे, गृहीत धरलेल्या क्रमाची. सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलले म्हणून हे शिळे होत नाही. राहता राहिली गुणांची अडचण, कारण जे परीक्षेत येत नाही ते वर्गात शिकवले जात नाही. बोर्डाने विस्कटलेली यादी छापावी, खाली यंत्राचे ‘नाही’ छापावे आणि ते का मानू नये एवढेच विचारावे.