श्वास मोजले नव्हते, तर लिहिले कशाला?

पोरींनो, वह्या मिटा आणि इकडे बघा. काल रात्रपाळीला भरलेला तक्ता माझ्या हातात आहे. खाट नंबर तीन, श्वास १८. चार, श्वास १८. पाच, १८. सहा, १८. पाच नंबरच्या आजींना दमा आहे, पाठीला उशा लावून बसवल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नाही. सहा नंबरचे काका तापाने फणफणलेत. आणि तुमच्या लेखी चौघंही एका तालात श्वास घेतात?

मोजलेच नाहीत तुम्ही. पुस्तकात मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असं दिलंय, म्हणून त्यातला बरा दिसणारा एक आकडा उचलला आणि खाली सही ठोकली. राहून गेलं, दमलो, पेंग आली, हे मी समजून घेईन. कोरा रकाना दिसला तर सिस्टर स्वतः उठून श्वास मोजतील. खोटा भरलेला दिसला तर निर्धास्त पुढच्या खाटेकडे जातील. पेशंटचा घात तिथे होतो.

वर तोंड करून म्हणता, आम्ही काय, साध्या असिस्टंट! इंजेक्शन देणं तुमचं काम नाही, कुठलं औषध द्यायचं ते ठरवणं तर नाहीच नाही. पण पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? डॉक्टर राउंड घेऊन जातात. सिस्टरच्या गळ्यात अख्खा वॉर्ड. अंग पुसायला, कूस बदलायला, बेडपॅन द्यायला तुम्ही असता. माकडहाडावरची कातडी लाल झालेली पहिल्यांदा दिसते ती तुम्हाला. धाप वाढलेली कळायला हवी तीही तुम्हालाच.

तुम्ही भोर-वेल्ह्याच्या मुली, मण्यार काय असते हे तुम्हाला मी सांगायचं? पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. सूज नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे माणूस म्हणतो, पोटात दुखतंय. घरचे ओवा देतात. मग पापण्या मिटायला लागतात, श्वास उथळ होत जातो, कारण ते विष श्वासाचे स्नायूच लुळे पाडतं. असा पेशंट पोटदुखी म्हणून दाखल झाला आणि त्याच्यापुढे तुम्ही १८ लिहून मोकळ्या झालात, तर? तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतून भर पावसात जीपमध्ये घालून आणलेला माणूस तुमच्या डोळ्यांदेखत जाईल, आणि कागदावर मात्र तो शेवटपर्यंत ठणठणीत असेल.

भोरहून वरंधा घाट उतरलं की महाडजवळ बिरवाडी. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावून माणसं मरत होती, पोरं तर फारच. हा माणूस पेशंटच्या खाटेशी रात्र रात्र बसला आणि नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिला. त्या नोंदींतून त्यांना उमगलं की विषाचा मारा हृदयावर होतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी देऊन त्यांनी जीव वाचवले, 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने ते छापलं. खेड्यातल्या केंद्रात मोठी यंत्रं कुठली असायला? त्यांनी आकडे अंदाजाने भरले असते तर त्या वहीतून काय हाती लागलं असतं?

लग्नाचं बघायचं सोडून परक्यांची घाण काढायला चालली, हे ऐकून तुमच्यातल्या कितीजणी आल्यात, मला ठाऊक आहे. पहिली एसटी गाठायला अंधारात घर सोडता. म्हणूनच माझा संताप होतो. एवढं सोसून यायचं ते कागद रंगवायला?

आता उठा. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही. श्वास मोजतेय असं पेशंटला सांगायचं नाही, कळलं की त्याची लय बदलते. छाती वर येऊन खाली गेली की एक. पूर्ण मिनिटभर मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेलं मी खपवून घेणार नाही. कालच्या त्या आकड्यांवर एकच रेघ मारा, शेजारी सही आणि वेळ घाला. व्हाइटनरला हात लावायचा नाही. आणि काल ड्युटीवर होत्या त्या दोघींनी इन्चार्ज सिस्टरांपुढे उभं राहून सांगायचं की हे आकडे मोजलेले नाहीत. तुमच्या वतीने मी सांगणार नाही. चला, पाच नंबरच्या आजींपासून सुरुवात करा.