घरी नसण्याचा हिशेब

"ताई, दादाले महिनाले कितला भेटतस?"

गेल्या महिन्यात मामाच्या मुलाने मला हे विचारलं. त्याला नुकतीच वीस वर्षं पूर्ण झाली. त्याआधी जड मालगाडीचं लायसन्स मिळत नाही, आणि हलक्या गाडीचं लायसन्स निदान वर्षभर हातात असावं लागतं. ते त्याच्याकडे आहे. आता त्याला फक्त आकडा हवा होता.

त्याने दादाला न विचारता मला विचारलं, कारण हिशेब मी ठेवते. मी साक्रीत बी. कॉम. केलं, आता एका कृषी सेवा केंद्रात बिलं बनवते. दादा दोन वर्षांपासून लांबच्या लाइनीवर ट्रक चालवतो. पहिले सहा महिने शेठ कशाचे पैसे कापतो हे त्याला कळायचंच नाही. मग आम्ही ठरवलं, रोज रात्री त्याने व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचं आणि मी वहीत उतरवायचं.

म्हणून आकडा मला पाठ आहे. साडेबारा हजार पगार, वर दिवसाचा भत्ता. ऐकायला बरं वाटतं. पण डिझेलचं ॲव्हरेज शेठने ठरवून दिलेलं असतं. घाट, वारा, जादा माल, काहीही कारण असो, ॲव्हरेज कमी आलं की फरक दादाच्या नावावर. ताडपत्री गळून माल भिजला, तेही त्याच्याच नावावर. घरातल्या आजारपणाला घेतलेली उचल दर महिन्याला थोडी थोडी वळती होते. काही महिने सतरा-अठरा हजार हातात पडतात, काही महिने अकरा.

आणि भत्ता? तो जेवणाखाण्यासाठी असतो. त्यातून जे उरतं त्याला आम्ही घरी 'वरची कमाई' म्हणायचो. ढाब्यावरच्या दोन जेवणांऐवजी एक जेवण आणि रात्री चहा-बिस्कीट, अशी ती कमाई होते हे मला पावत्या जुळवताना कळलं. तो भूक वाचवत होता आणि आम्ही ते उत्पन्नाच्या रकान्यात लिहीत होतो.

तरीही मला विचारात पाडलं ते या आकड्यांनी नाही. वहीतल्या रिकाम्या ओळींनी.

दादाच्या फेऱ्या बहुतेक सुरतेकडून रायपूरला. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. तिथे गाडी खाली व्हायला कधी एक दिवस लागतो, कधी तीन. गोडाऊनबाहेर रांग असते, हमाल नसतात, कागदात काहीतरी कमी असतं. मग रिटर्न भाडं मिळेपर्यंत आणखी थांबणं. अशा दिवशी दादाचा निरोप एकच: "आज काही नाही, लाइनीत आहे." मी तारीख टाकायची आणि पुढे रिकामं सोडायची.

एकदा वहिनी वही चाळत होती. "हे रिकामं का सोडलं?"

मी म्हटलं, "त्या दिवशी काम नव्हतं."

ती म्हणाली, "मग हे घरी का नव्हते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तोच प्रश्न माझ्या डोक्यात आहे. दादाला पगार नेमका कशाचा मिळतो? स्टिअरिंग फिरवण्याचा, की घरी नसण्याचा?

गंमत बघा, मालाच्या वेळेचा हिशेब आपल्याकडे चोख आहे. ई-वे बिलाला दर दोनशे किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. म्हणजे सुरत-रायपूरच्या कागदाला पाच-सहा दिवस. शेठला मात्र गाडी तिसऱ्या दिवशी पोचलेली हवी असते. गाडी उभी राहिली तर तिचंही 'हॉल्टिंग' लागतं. माल मागवणाऱ्याने दिवसाला अमुक रुपये द्यायचे, आणि ते मिळाले तर गाडीमालकाला मिळतात. लोखंड उभं राहिलं तर त्याचं भाडं आहे. त्याच लोखंडात बसून राहिलेल्या माणसाचं नाही.

कायदा नाही असंही नाही. १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम ठरलं, लांबच्या पल्ल्यासाठी दहा आणि ५४ पर्यंत. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. दादाच्या शेठच्या गाड्या दोन. अलीकडे सरकारने नवीन ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना. चांगलंच झालं. मे महिन्यात इंजिनशेजारी बसणं काय असतं हे दादाच्या पाठीवरचं घामोळं बघून कळतं. पण केबिन थंड झाली म्हणून घर जवळ येत नाही.

कुणी म्हणेल, हे तर जुनंच आहे. ॲडम स्मिथने १७७६ सालच्या ग्रंथात मांडलंय की जे काम कष्टाचं किंवा नकोसं असतं, त्याला मजुरी जास्त द्यावी लागते. दादाने काम स्वतःहून घेतलं, कुणी बळजबरी केली नाही. मग तक्रार कसली?

हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. दादाला गाडी आवडते. पहाटे कोंडाईबारीचा घाट चढून वर आलं आणि पवनचक्क्या दिसल्या की त्याचा आवाजच बदलतो. पाऊस दगा देतो, कांद्याला भाव मिळेलच असं नाही, ऊसतोडीला जायचं तर अख्खं घर उचलावं लागतं. त्या मानाने ट्रक बरा, असं तोच म्हणतो. आमच्या घरावरचे पत्रे त्याच्या पैशातून बदलले. मी हे लिहितेय तो फोनही.

पण 'स्वतःहून घेतलं' या शब्दांत दोन भोकं आहेत.

एक म्हणजे नव्या ड्रायव्हरला किंमत आधी ठाऊक नसते. पगार पहिल्या दिवशी सांगतात. लाइनीतले दिवस, ॲव्हरेजची कपात, सणाला नेमकी निघालेली ट्रिप, हे सहा महिन्यांनी कळतं. तोवर उचल घेतलेली असते आणि पाय अडकलेला असतो.

दुसरं भोक मोठं आहे. होकार दादाने एकट्याने दिला. घरी नसणं मात्र एकट्याचं नसतं. दादा घरी नाही म्हणजे वहिनीला नवरा नाही, साडेतीन वर्षांच्या पोरीला बाप नाही. रात्री ताप चढला तर रिक्षा शोधणारी वहिनी. शाळेच्या फॉर्मवर सही करणारी वहिनी. शेठने एकाचा पगार ठरवला आणि तिघांचे दिवस घेतले. उरलेल्या दोघींना कुणी विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

दादाचा रस्ता आमच्या गावाजवळूनच जातो. पूर्वीचा सहा नंबर हायवे, आताचा ५३. विसरवाडी, दहिवेल, साक्री, पुढे धुळे, जळगाव, नागपूर. महिन्यातून तीन-चार वेळा तो घरापासून हाकेच्या अंतरावरून जातो आणि थांबत नाही. मागच्या पावसाळ्यात एकदा रात्री पावणेदोनला त्याने गाडी बाजूला घेतली. वहिनी डबा आणि झोपलेली पोरगी घेऊन गेली, टॉर्च धरायला मी. पोरगी जागी झाली, बापाकडे बघितलं आणि वहिनीच्या खांद्यात तोंड लपवलं. दादा हसला. तेवढ्यात फोन वाजला. जीपीएसवर गाडी उभी दिसत होती. "टायर बघतोय," दादा म्हणाला. लेकीला भेटतोय हे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

तो खोटं बोलला हे मला खटकलं नाही. खरं कारण चालण्यासारखं नव्हतं, हे खटकलं.

हे सगळीकडे असंच असतं म्हणावं, तर अर्धंच खरं. अमेरिकेतही पुष्कळ ड्रायव्हरांना मैलावर पैसे मिळतात आणि गोडाऊनबाहेरचे तास फुकट जातात. पण युरोपियन युनियनने २०२० साली नियम केला की वाहतूक कंपनीने कामाची आखणीच अशी करायची, की ड्रायव्हरला साधारण दर चार आठवड्यांत आपल्या घरी किंवा कंपनीच्या तळावर परतता येईल. आठवड्याची पूर्ण सुट्टी केबिनमध्ये काढायलाही मनाई आहे. तिथेही नियम मोडणारे असतीलच. पण घरी जाणं ही शेठची मेहरबानी नसून कामाच्या आखणीचा भाग आहे, एवढं तरी कागदावर आलं.

मग दोष फक्त शेठचा? त्याच्यावर गाडीचा हप्ता आहे, आणि भाडं ठरवणारा वेगळाच कुणीतरी. मी स्वतः फोनवर वस्तू मागवते आणि दोन दिवसांत आली नाही की चिडते. ती वस्तू कुठल्या तरी लाइनीत, कुणाच्या तरी दादाच्या मागे बांधलेली असते. आणि महिनाअखेरीस 'पैसे कधी टाकतो' विचारणारे आम्ही, दुसऱ्याच दिवशी 'कवय येशी?' म्हणून रुसणारेही आम्हीच. दोन्ही मागण्या एकाच माणसाकडे.

पैसे वाढले म्हणून पोरीची ओळख परत मिळणार नाही, हे मला कळतं. म्हणजे मोजायचंच नाही, असं मात्र नाही. जे मोजलं जात नाही ते फुकट समजून घेतलं जातं. आता रिकाम्या ओळीत मी लिहिते: 'रायपूर, थांबला, दुसरा दिवस.' महिन्याच्या शेवटी घराबाहेरच्या रात्री वेगळ्या मोजते. मागच्या महिन्यात सव्वीस झाल्या. दादाने तो आकडा शेठला दाखवला. शेठ म्हणाला, बघू. अजून बघतोय.

मामाच्या मुलाला मी वही दिली. म्हटलं, आकडा शेवटच्या पानावर आहे, पण पहिल्या पानापासून वाच. आणि शेठकडे जाशील तेव्हा चार गोष्टी विचार: ॲव्हरेज किती धरता, कपात कशाकशाची, गाडी लाइनीत उभी असेल त्या दिवसाचं काय, आणि घरी किती दिवसांनी सोडाल.

तो बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, "ताई, हे सगळं विचारलं तर गाडी देईल का तो?"

वहिनी भाकरी थापत होती. तिने मान वर केली, पण बोलली नाही.