माझ्याकडे आहे, माझे आहे का?

इंग्रजीतल्या ‘हॅव’साठी मराठीत एक असे क्रियापद नाही. बहीण ‘मला’ असते, तापही ‘मला’ असतो, पुस्तक ‘माझ्याकडे’ असते आणि घर ‘माझे’ असते. शेजारच्या भाषांची रीतही याहून फार वेगळी नाही. हिंदीत ‘मेरे पास’, गुजरातीत ‘मारी पासे’, बंगालीत ‘आमार काछे’. वस्तू माणसाजवळ आहे, एवढेच हे शब्द सांगतात. ती त्याची आहे की नाही, हे निराळे सांगावे लागते. वाचनालयातून आणलेले पुस्तकही माझ्याकडेच असते.

हा फरक अनुवादात मला नेहमीच अडवत आला आहे. त्याचा नैतिक अर्थ मात्र घरातल्या एका यंत्राने शिकवला. ते यंत्र म्हणजे इंटरनेटला जोडलेला ब्लू-रे प्लेअर. चित्रपटांच्या सबटायटल्सचे काम करताना एकेक वाक्य दहादा थांबवून ऐकावे लागते, म्हणून मी तो पूर्ण किंमत मोजून, पावतीसह घेतला. सुरू केला की तो आधी कंपनीकडे विचारणा करतो. मधूनच नव्या अटी पडद्यावर येतात आणि ‘मान्य’ म्हटल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. अलीकडे एक नवी डिस्क घातली, तर सॉफ्टवेअर अद्ययावत करा असा संदेश आला. अद्ययावत करायला गेले, तर पलीकडून उत्तर नाही. मदत केंद्रावरच्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितले, “मॅडम, या मॉडेलचा सपोर्ट बंद झालाय. तुम्ही नवीन घ्या.” यंत्राची मोटर चांगली आहे, लेझर चांगला आहे, जुन्या डिस्क अजून स्वच्छ दिसतात. बिघडलेले काहीच नाही. फक्त परवानगी संपली आहे.

यामागची व्यवस्था समजायला अवघड नाही. ब्लू-रे डिस्कवरचा चित्रपट कुलूपबंद असतो आणि त्याच्या किल्ल्या प्लेअरमध्ये असतात. नक्कल करणाऱ्यांच्या हाती एखादी किल्ली लागली, तर पुढच्या डिस्कांपुरती ती रद्द करता येते. मग प्लेअरला नवी किल्ली हवी, आणि ती कंपनीनेच द्यायची. शिवाय जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळल्या. इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांतून चित्रपट पुन्हा उभे करण्याचे मोठे काम झाले. त्यानंतर २०१५ साली अमेरिकेत जो संच निघाला, तो ‘ए’ विभागाचा. भारत ‘सी’ विभागात. म्हणजे बंगालमध्ये घडलेले चित्रपट त्या संचातून पाहायचे, तर इथल्या नेमाने विकलेल्या प्लेअरवर ते दिसणार नाहीत.

आपल्याकडच्या धर्मशास्त्रकारांनी मालकीचा विचार ‘स्वत्व’ या शब्दाखाली बारकाईने केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘आगम’ म्हणजे वस्तू रीतसर मिळाल्याचा आधार आणि ‘भोग’ म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, असे दोन भाग आहेत. आगमाचे वजन सहसा अधिक. पण जिथे अल्पही भोग नाही, तिथे नुसत्या आगमाला बळ नाही, असेही ती सांगते. माझी पावती हा आगम. भोग दूरच्या संगणकाच्या मर्जीवर. चालुक्यांच्या कल्याणीत लिहिलेल्या ‘मिताक्षरे’त विज्ञानेश्वराने स्वत्व हे लौकिक आहे असे मांडले. त्याची एक साक्ष अशी की, शास्त्र ठाऊक नसलेली दूरच्या प्रदेशांतली माणसेही खरेदी-विक्री करतातच. मालकी काय असते हे लोकव्यवहाराला कळते, ते ग्रंथातून शिकावे लागत नाही. पुढे स्वत्वाची ओळख ‘यथेष्ट विनियोगाची योग्यता’ अशी सांगितली गेली. आपल्याला हवी तशी वापरता येण्याजोगी, ती आपली वस्तू. रघुनाथ शिरोमणीला ही व्याख्याही पुरेशी वाटली नाही. त्याने स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच मानला. पण प्लेअरच्या बाबतीत आपण या पहिल्याच पायरीवर अडखळतो.

यावर उत्तर येईल की चित्रपट तुमचा कधीच नव्हता. खरेच आहे. पुस्तकातला मजकूरही माझा नसतो. कागद आणि बांधणी माझी असते. पण म्हणूनच ते पुस्तक मी कुणाला देऊ शकते, विकू शकते, मागे ठेवून जाऊ शकते. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीवर छापले होते की ही एक डॉलरहून कमी किमतीला विकू नये. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. एकदा विकल्यावर त्या प्रतीवर तुमची हुकमत राहत नाही, हे तत्त्व त्यातून रुजले. पुस्तक वाचायला उजेड आणि डोळे पुरतात. डिस्क आणि डोळे यांच्यामध्ये जे यंत्र असते, त्यातून ती हुकमत परत आली.

वस्तू मरतात, ही माझी तक्रार नाही. आजीच्या जात्याचे पाट झिजले, टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला. झीज ही वापराचीच खूण असते, तिच्यात आपला हात असतो. रद्द होण्यात तो नसतो. २०२० च्या जूनमध्ये एका बड्या कंपनीचे अनेक प्लेअर अचानक सुरू होत, बंद होत, पुन्हा सुरू होत राहिले. कुणाच्या हातून ते पडले नव्हते. यंत्र झिजले तर आपण हळहळतो. रद्द झाले तर अपमान वाटतो, कारण आपण मालक आहोत ही समजूत कुणीतरी आपल्याला पैसे घेऊन विकलेली असते.

इथे प्रश्न भाषेचा होतो. उदरनिर्वाहासाठी मी अशा उपकरणांचे करारही मराठीत आणले आहेत. ‘सदर सॉफ्टवेअर आपणांस विकलेले नसून त्याच्या वापराचा परवाना दिलेला आहे’ हे वाक्य किती तरी वेळा लिहिले असेल. ते प्रामाणिक वाक्य आहे, पण ते खोक्याच्या आत असते. खोक्यावर, दुकानात, जाहिरातीत शब्द ‘खरेदी’ हाच. भाड्याने देणे यात काही वावगे नाही. भाडेकरूला मुदत ठाऊक असते, तो तशी तयारी ठेवतो. भाड्याच्या व्यवहाराला विक्रीचे नाव देणे हे मात्र खोटे बोलणे आहे, मग अटी कितीही बारीक अक्षरांत छापलेल्या असोत.

कंपनीने एखादे यंत्र जन्मभर सांभाळावे, असा आग्रह कुणी धरणार नाही. पण विकणाऱ्यावर एक कर्तव्य उरते. हात काढून घेताना त्याने शेवटच्या किल्ल्या पेन ड्राइव्हवर उतरवता येतील अशा द्याव्यात आणि त्यानंतर यंत्राने कुणालाही न विचारता, जमेल तेवढे चालत राहावे. हे मान्य नसेल, तर खोक्यावरचा शब्द बदलावा आणि मुदत छापावी. ‘माझ्याकडे’ आणि ‘माझे’ यांतला फरक आपल्या भाषा बोलणाऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला तेवढ्यावरून कळेल.