दोन केंद्रांमधली जमीन

आधी एकच पर्जन्यमापक मनात आणा. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या एखाद्या मेंढपाळाच्या कुरणावर, झाडांपासून आणि भिंतींपासून लांब उभा केलेला. 203 मिलिमीटर रुंद तोंडाचा डबा, तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर. आत नरसाळं, त्याखाली पाणी साठवणारं भांडं. सकाळी नऊ वाजता घरातून कुणीतरी येतं, साठलेलं पाणी मापात ओततं, डोळा पातळीशी नेऊन आकडा वाचतं आणि वहीत लिहितं. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहितं.

या शून्यापाशी जरा थांबा. वहीतली रिकामी जागा आणि वहीतलं शून्य या फार वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन पाहिलं. रिकाम्या जागेबद्दल आपल्याला काहीच सांगता येत नाही, तिथे कदाचित पूरही येऊन गेला असेल. पुढचं सगळं मनन करताना हा फरक जवळ ठेवा.

समजा आजचा आकडा 12 मिलिमीटर आहे. म्हणजे पाणी न मुरता, न वाहता जागच्या जागी राहिलं असतं तर दर चौरस मीटरवर 12 लिटर साठलं असतं. पण मोजलं गेलं ते फक्त त्या डब्याच्या तोंडात पडलेलं. वारा जोरात असेल तर त्यातलेही काही थेंब तोंडावरून पलीकडे गेलेले असतात. आता सगळ्या देशात असे 6,000 पर्जन्यमापक एका वेळी चालू आहेत असं धरा. त्यांची तोंडं एकमेकांना लावून ठेवली तर क्षेत्रफळ 200 चौरस मीटरही भरत नाही, टेनिसचं एक कोर्टसुद्धा झाकलं जात नाही. खंड आहे सुमारे 77 लाख चौरस किलोमीटरचा. हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि पाहत राहा. मला हे प्रमाण अजूनही थक्क करतं.

दिवसांचा महिना करू. बेरीज सोपी आहे, पण सकाळी नऊची वेळ पाळायची म्हणजे 31 जानेवारीच्या संध्याकाळी कोसळलेली सर 1 फेब्रुवारीच्या नावावर लिहिली जाते. जिथे पोस्टमास्तर पाऊस मोजत, तिथे सुट्टीच्या दिवसांचं पाणी सोमवारच्या एकाच आकड्यात आलेलं असतं. महिन्याच्या बेरजेत यातलं बरंचसं विरघळतं.

मग 1961 ते 1990 पर्यंतचे तीस जानेवारी एकत्र आणा आणि त्यांची सरासरी काढा. तसंच प्रत्येक महिन्याचं. आता बारा नकाशे एकामागून एक सावकाश उलटा. जानेवारीत उत्तरेचा किनारा गडद आहे, डार्विनच्या वाट्याला 400 मिलिमीटरहून अधिक पाऊस. एप्रिलपासून हा गडदपणा ओसरू लागतो. जुलैत डार्विनला जवळजवळ काहीच नाही. आता रंग नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आहे, पर्थला दीडशे मिलिमीटरच्या आसपास. तोच पर्थ जानेवारीत कोरडा होता. मेलबर्न मात्र फारसं बदलत नाही, बाराही महिने साधारण 50 च्या आगेमागे. मधला विस्तीर्ण भाग बाराही नकाशांत फिका.

त्या फिक्या भागात थोडा जास्त वेळ राहा, कारण सरासरी म्हणजे काय हे तिथे नीट उमजतं. एखाद्या कोरड्या ठिकाणचे दहा जानेवारी घेऊ. आठ वर्षं थेंब नाही, एका वर्षी 40 मिलिमीटर, एका वर्षी 200. सरासरी येते 24. त्या ठिकाणी राहणाऱ्या कुणीही 24 मिलिमीटरचा जानेवारी पाहिलेला नाही. हेच दहा आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला पाहिला तर मध्यक येतो शून्य. दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. म्हणूनच गिब्ज आणि मार या दोन हवामानशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये दुष्काळ ओळखण्यासाठी वेगळी वाट सुचवली: सगळ्या वर्षांचा पाऊस क्रमाने लावायचा, त्याचे दहा समान गट करायचे आणि यंदाचं वर्ष कुठल्या गटात बसतं ते पाहायचं. ऑस्ट्रेलियात ही पद्धत अजून वापरात आहे.

आता दोन केंद्रांच्या मधल्या जमिनीवर या. इथे कुणी मोजलेलं नाही, तरी नकाशात रंग भरायचा आहे. 1911 मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड थिसेन यांनी सरळ उपाय मांडला: प्रत्येक जागेला तिच्या सर्वांत जवळच्या केंद्राचा पाऊस द्यायचा. त्यातून नकाशा बहुभुजांत विभागला जातो आणि सीमेवर पाऊस एकदम उडी मारतो. खरा पाऊस असा कुंपण ओळखत नाही. पुढे कॅनबेराच्या विद्यापीठात मायकेल हचिन्सन यांनी गुळगुळीत पृष्ठभाग बसवण्याची पद्धत विकसित केली. पातळ, लवचीक पत्रा सगळ्या केंद्रांच्या आकड्यांजवळून जाईल असा वाकवायचा, पण प्रत्येक आकड्याला अगदी चिकटायला लावायचा नाही, कारण आकड्यांतही थोडी गडबड असतेच. आणि अक्षांश-रेखांशांच्या जोडीला उंची घ्यायची. पावसाच्या दृष्टीने उंचीतला फरक आडव्या अंतराच्या सुमारे शंभरपट महत्त्वाचा धरला जातो.

हे शंभरपट का, ते पाहायला ईशान्य किनाऱ्यावर केर्न्सला जाऊ. शहरात वर्षाला साधारण 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो. दक्षिणेला बेलेंडन केर पर्वतावर, दीड हजार मीटरहून उंच जागी, सुमारे 8,000. जानेवारी 1979 मध्ये तिथे एका महिन्यात 5,387 मिलिमीटर नोंदले गेले. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडून वर चढते, गार होते, ओझं टाकते. डोंगर ओलांडून मरीबाला उतरा, पाऊस केर्न्सच्या निम्म्यावर येतो. सह्याद्रीची पर्जन्यछाया ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. पण शिखरावर मोजणी सुरू झाली 1970 च्या दशकात. त्याआधी पर्वत तितकाच भिजत होता, नकाशाला फक्त पायथा ठाऊक होता.

आणखी आत, वाळवंटात चला. इथली केंद्रं पाहिलीत तर मधोमध दक्षिणोत्तर एक जुनी रांग दिसेल. ती पावसासाठी आखलेली नाही. ॲडलेड ते डार्विन तारायंत्राची ओळ 1872 मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्या ठाण्यांवरच्या माणसांकडून चार्ल्स टॉड यांनी हवामानाच्या नोंदी करवून घेतल्या. तार गेली तिथून पावसाची माहिती आली. पश्चिमेला गिब्सन वाळवंटाकडे ही माहिती इतकी विरळ होते की काही नकाशांत तो भाग चक्क कोरा ठेवतात. मला हा कोरेपणा रंगांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. वहीतल्या शून्याची आणि रिकाम्या जागेची गोष्ट इथे खंडाएवढी मोठी झाली आहे.

याच टॉडनी 1888 च्या सुमारास भारतातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि दोन्हीकडचे कडक दुष्काळ बहुधा एकाच वेळी पडतात असं म्हटलं. त्यांच्यासमोर 1877 होतं, म्हणजे आपल्या दख्खनमध्ये सोलापूर, अहमदनगरच्या गावांनी भोगलेला तोच दुष्काळ. प्रशांत महासागराचं तापमान आणि वाऱ्यांचं चक्र या दोन प्रदेशांना बांधून ठेवतं, हे पुढे उलगडलं. सरासरीच्या नकाशात हे नातं दिसत नाही. ते सरासरीपासूनच्या ढळण्यात दिसतं, म्हणून ढळणं मोजायला सरासरी आधी नीट काढावी लागते.

तिच्यावर पोटं अवलंबून असतात. दुष्काळानंतर 1865 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज गॉयडर घोड्यावरून फिरले आणि त्यांनी एक रेषा आखली: हिच्या दक्षिणेला धान्य पिकेल, उत्तरेला भरवसा नाही. लांब मुदतीच्या पर्जन्यनोंदी तिथे नव्हत्या. त्यांनी झुडपं वाचली, मॅली कुठे संपतं आणि सॉल्टबुश कुठे सुरू होतं ते पाहिलं. पुढच्या दशकात काही वर्षं उत्तम पाऊस झाला, शेतकऱ्यांनी रेषा ओलांडून गहू पेरला, घरं बांधली. 1880 नंतर कोरडी वर्षं आली आणि त्यांना परतावं लागलं. त्या दगडी घरांचे पडके अवशेष आजही उभे आहेत. चांगली वर्षं खोटी नव्हती, मोजकी होती. गॉयडरची रेषा आजही साधारण 250 ते 300 मिलिमीटरच्या समपर्जन्य रेषेशी जुळते.

शेवटी नकाशा करणारे स्वतःच्या कामाला जो प्रश्न विचारतात, तो तुम्हीही विचारा. एक केंद्र निवडा, मार्च महिना घ्या आणि त्याचा आकडा हाताने झाका. आता फक्त शेजाऱ्यांवरून, उंचीवरून, समुद्राच्या अंतरावरून तिथला पाऊस सांगा. हात उचला. सांगितलेला आणि मोजलेला पाऊस यांतला फरक मिलिमीटरमध्ये लिहा. सपाट गव्हाच्या पट्ट्यात तो लहान येईल, बेलेंडन केरला मोठा. मग पुढचं केंद्र झाका.